टोकन म्हणजे ओळखपत्र नव्हे
(लहान बचतदारांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण इथे पैशाविषयी बोलायला जमलो आहोत. पण आज सुरुवात व्याजदरापासून किंवा एसआयपीपासून नको. सुरुवात करू मोबाइलवरच्या एका बटणापासून.

कोणतेही नवे ॲप घ्या, कोणतीही नवी वेबसाइट उघडा. आत जायचे दोन रस्ते दिसतात. एक लांबचा: नाव भरा, ई-मेल भरा, नवा पासवर्ड ठरवा, तो लक्षात ठेवा. दुसरा जवळचा: 'गूगलने लॉगिन करा' किंवा 'फेसबुकने लॉगिन करा'. बोट लावले की दार उघडले. घरखर्चाची नोंद ठेवणारे ॲप असो, म्युच्युअल फंडांचा हिशेब मांडणारी वेबसाइट असो, विम्याच्या हप्त्यांची तुलना असो की कर्ज किती मिळेल ते सांगणारे ॲप असो, हे बटण सगळीकडे आहे. आपण ते दाबतो आणि विसरून जातो.

ते दाबल्यावर मागे काय घडते आणि त्याचा आपल्या बचतीशी काय संबंध, एवढेच आज समजून घ्यायचे आहे. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. बँकेत उभे राहण्याचा अनुभव पुरेसा आहे.

बटण दाबल्यावर काय होते?

या व्यवहारात तिघे असतात. तुम्ही, ती नवी वेबसाइट आणि गूगल. बटण दाबताच वेबसाइट तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवते. पासवर्ड तुम्ही तिथे, म्हणजे गूगललाच देता. मग गूगल विचारते, 'या वेबसाइटला तुमचे नाव आणि ई-मेल हवा आहे. देऊ का?' तुम्ही हो म्हटले की गूगल त्या वेबसाइटच्या हाती अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ देते. हिला म्हणतात ॲक्सेस टोकन. पुढे वेबसाइटला तुमची माहिती हवी झाली की ती हे टोकन गूगलला दाखवते आणि माहिती घेते.

यात एक गोष्ट फार चांगली आहे. तुमचा पासवर्ड त्या वेबसाइटपर्यंत पोचतच नाही. पूर्वी अनेक ॲप सरळ 'तुमच्या ई-मेलचा पासवर्ड सांगा' म्हणत. ते म्हणजे दूधवाल्याला पिशवी ठेवायला अख्ख्या घराची किल्ली देण्यासारखे होते. किल्लीऐवजी मर्यादित कामाची परवानगी द्यावी, या विचारातून ओऑथ नावाची पद्धत आली. तिची आज सर्वत्र चालणारी दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पद्धत वाईट नाही. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढे मात्र नीट कळले पाहिजे.

कॅशियरचा बिल्ला

बँकेतले पितळी टोकन तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पैसे काढायची स्लिप किंवा चेक दिला की कारकून नंबर कोरलेला बिल्ला हातावर ठेवायचा. मग बाकावर बसायचे. कॅशियर नंबर पुकारायचा, आपण बिल्ला द्यायचा, तो नोटा मोजून द्यायचा. बिल्ल्यावर आपले नाव नसायचे, फोटो नसायचा. म्हणून सावध कॅशियर बिल्ला हातात घेऊनही विचारायचा, 'नाव काय? रक्कम किती?' आणि चेकच्या मागे सही घ्यायचा. बिल्ला हरवला तर बँकेत पळापळ व्हायची, कारण तो ज्याच्या हातात, त्याचा दावा.

ॲक्सेस टोकन याच जातीचे आहे. तांत्रिक भाषेत त्याला 'बेअरर टोकन' म्हणतात. बेअरर हा शब्द आपल्याला चेकमुळे ठाऊक आहे. बेअरर चेक जो आणील त्याला पैसे मिळतात. तसेच हे टोकन जो दाखवील त्याला माहिती मिळते. 'हे धरणाऱ्याला अमुक गोष्ट करू द्या' एवढेच ते सांगते. 'हे धरणारा माणूस अमुक आहे' असे ते सांगत नाही. परवानगी वेगळी आणि ओळख वेगळी.

गडबड इथे होते. अनेक वेबसाइटनी परवानगीच्या या बिल्ल्यालाच ओळखपत्र मानले.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी राशिभविष्याचे ॲप घेतले आणि फेसबुकने लॉगिन केले. फेसबुकने त्या ॲपला बाईंच्या नावावर एक टोकन दिले. बाईंचे एका हिशेबाच्या वेबसाइटवरही खाते आहे. तिथेही त्या फेसबुकनेच लॉगिन करतात. आता राशिभविष्यवाला लबाड निघाला. त्याने आपल्याजवळचे टोकन हिशेबाच्या वेबसाइटपुढे केले. वेबसाइटने फेसबुकला विचारले, 'हे टोकन कोणाच्या नावावर आहे?' उत्तर आले, 'अमुक बाईंच्या.' वेबसाइटने बाईंचे खाते त्याला उघडून दिले.

यात फेसबुक खोटे बोलले नाही. बाईंनी पासवर्ड कोणाला सांगितला नाही. ओटीपीही दिला नाही. वेबसाइटने अर्धाच प्रश्न विचारला, तिथे घात झाला. 'कोणाच्या नावावर?' हे विचारले, पण 'कोणासाठी दिले होते?' हे विचारायचे राहिले. ते टोकन राशिभविष्याच्या ॲपसाठी होते, हिशेबाच्या वेबसाइटसाठी नव्हते.

यावरचा उपाय बँकेने आपल्याला कधीच शिकवला आहे. चेकवर दोन रेघा मारायच्या आणि 'अकाउंट पेयी' लिहायचे. मग तो चेक कोणाच्याही हाती पडला तरी पैसे ज्याच्या नावाचा चेक आहे त्याच्याच खात्यात जातात. लॉगिनच्या जगात ही रेघ फेब्रुवारी २०१४ मध्ये आली. ओपनआयडी कनेक्ट या पद्धतीत परवानगीच्या टोकनसोबत एक वेगळे ओळखीचे टोकन मिळते. ते कोणी दिले, कोणाविषयी दिले, कोणत्या वेबसाइटसाठी दिले आणि कधीपर्यंत चालेल, हे सगळे त्यात लिहिलेले असते. दिलेल्याची डिजिटल सही असते. नीट बांधलेली वेबसाइट या चारही गोष्टी तपासते आणि दुसऱ्यासाठी दिलेले टोकन परत करते.

पण मंडळी, एखादी वेबसाइट हे तपासते की नाही, ते बाहेरून दिसत नाही. बटण दोन्हीकडे सारखेच दिसते. म्हणून काळजीचा काही भाग आपल्यालाच घ्यावा लागतो.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना मे २०१७ ची. अनेकांना ओळखीच्या माणसाकडून मेल आला की तुमच्याशी एक दस्तऐवज शेअर केला आहे. दुवा दाबला की गूगलचे खरेखुरे पान उघडत होते. तिथे 'गूगल डॉक्स' नावाचे एक ॲप परवानगी मागत होते. ते ॲप गूगलचे नव्हतेच. कोणीतरी आपल्या ॲपला ते नाव दिले होते. परवानगी होती मेल वाचण्याची आणि पाठवण्याची, संपर्कांची यादी हाताळण्याची. हो म्हटले की तोच मेल यादीतल्या सगळ्यांना जात होता. गूगलने सुमारे एका तासात हा प्रकार थांबवला आणि ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्ते सापडल्याचे सांगितले. पण जीमेलचे वापरकर्ते तेव्हा १०० कोटींच्या वर होते, हे लक्षात घ्या. इथे पासवर्ड चोरीला गेला नव्हता. ओटीपीची दुहेरी कडीही कामाची नव्हती, कारण मालकाने स्वतःच 'परवानगी द्या' म्हटले होते. धडा असा की पान खरे असले तरी मागणारा खरा असतोच असे नाही.

दुसरी घटना सप्टेंबर २०१८ ची. फेसबुकच्या एका सोयीतल्या दोषामुळे चोरांनी लोकांची ॲक्सेस टोकनच उचलली. सुरुवातीला फेसबुकने सुमारे ५ कोटी खात्यांचा आकडा सांगितला. सावधगिरी म्हणून आणखी ४ कोटी खात्यांची टोकन रद्द केली, त्यामुळे एकूण ९ कोटी लोकांना पुन्हा लॉगिन करावे लागले. पुढे तपासात खऱ्या चोरीचा आकडा ३ कोटी निघाला. त्या टोकनांनी इतर वेबसाइटवर कोणी शिरल्याचे आढळले नाही, असे फेसबुकने सांगितले. पण धडा स्पष्ट आहे. पासवर्ड शाबूत असतानाही बिल्ला चोरीला जाऊ शकतो, आणि एकाच बिल्ल्यावर दहा दारे टांगली असतील तर काळजी दहा दारांची करावी लागते.

तिसरी घटना केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातली. व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणाऱ्या एका ॲपला लोकांनी फेसबुकवरून परवानगी दिली. त्या काळच्या नियमांमुळे ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. फेसबुकने २०१८ मध्ये भारतापुरता दिलेला आकडा ऐका. ॲप घेणारे होते ३३५ जण. माहिती गेली असण्याची शक्यता होती ५,६२,४५५ जणांची. म्हणजे आपली परवानगी कधीकधी आपल्यापुरती राहत नाही. ती शेजाऱ्याच्या, मित्राच्या, बहिणीच्या घरातही शिरते.

बचतीशी संबंध कुठे आला?

तुम्ही म्हणाल, राशिभविष्याचे ॲप माझ्या मुदत ठेवीला काय करणार? उत्तर तुमच्या ई-मेलमध्ये आहे.

आपल्या मेलपेटीत काय काय साठले आहे, आठवून पाहा. बँकेची विवरणे, ठेवीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, फॉर्म १६, डिपॉझिटरीकडून येणारे शेअर आणि फंडांचे एकत्रित विवरण. हे विवरण पासवर्डने बंद असते हे खरे, पण तो पासवर्ड म्हणजे आपला पॅन क्रमांक. आणि पॅन त्याच मेलपेटीतल्या दुसऱ्या एखाद्या कागदावर लिहिलेला असतो. शिवाय 'पासवर्ड विसरलात?' म्हटले की नवा पासवर्ड ठरवायचा दुवा येतो तोही मेलवरच. म्हणजे मेल ही नुसती पत्रपेटी नाही. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या जिथे टांगलेल्या असतात, तो खिळा आहे.

काही ॲप 'तुमच्या खर्चाची नोंद आपोआप ठेवतो' म्हणून मेल वाचण्याची परवानगी मागतात. 'नाव आणि ई-मेल पत्ता पाहणे' आणि 'तुमचे मेल वाचणे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दारावरची पाटी वाचू दिली, दुसऱ्यात घराची झडती घेऊ दिली. पडद्यावर मात्र दोन्हींच्या खाली 'परवानगी द्या' हे एकच बटण असते.

मग हे बटण वापरूच नये का?

तसे मुळीच नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरणाऱ्यापेक्षा मजबूत केलेल्या गूगल खात्याने लॉगिन करणारा जास्त सुरक्षित असतो. परवानगी कशी असावी, याची चांगली उदाहरणे आपल्याच देशात आहेत. ती पाहिली की वाईट परवानगी ओळखता येते.

कार्डाचे टोकन घ्या. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना आपला कार्ड क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी ते टोकन ठेवतात. हे टोकन त्या कार्डासाठी आणि त्या दुकानासाठीच बांधलेले असते. दुसऱ्या दुकानात ते चालत नाही. शब्द तोच, टोकन. पण हा रेघा मारलेला चेक आहे.

अकाउंट ॲग्रिगेटर घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून बँका त्यात आल्या. कर्ज देणाऱ्याला तुमच्या खात्याचे विवरण हवे असेल तर ते या परवानाधारक मध्यस्थामार्फत जाते. संमती देताना कोणती माहिती, कोणाला, कशासाठी, किती मुदतीपर्यंत आणि किती वेळा, हे लिहिलेले असते. मध्यस्थाला ती माहिती स्वतःकडे ठेवता येत नाही. तुमचा नेटबँकिंग पासवर्ड किंवा पिन तो मागू शकत नाही. आणि दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता.

शेअर बाजारातही हाच विचार आहे. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने तुमच्या ब्रोकरकडे ऑर्डर टाकायची असेल, तर ओऑथ पद्धतीनेच आणि दुहेरी पडताळणी करूनच आत येऊ द्यावे, असे सेबीने फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात सांगितले. म्हणून कोणी 'तुमच्या डीमॅटचा पासवर्ड द्या, आम्ही तुमच्यासाठी व्यवहार करतो' म्हणाला, तर तो नियमाबाहेरची गोष्ट मागतो आहे हे समजा.

कर्जाच्या ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बंधने घातली. फोनमधल्या फाइली, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी त्यांनी पाहायच्या नाहीत. कॅमेरा, माइक, ठिकाण यांची परवानगी केवायसीसाठी एकदाच आणि तुमच्या स्पष्ट संमतीनेच घ्यायची. संपर्क यादी मागणारे कर्जाचे ॲप दिसले की तिथेच थांबा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेले तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आले आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

घरी गेल्यावर करायची कामे

आता कामाचे बोलू. ही कामे एका रविवारी दुपारी होतील.

१. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जा. तुमच्या खात्याला कोणकोणती ॲप आणि वेबसाइट जोडलेल्या आहेत, त्यांची यादी तिथे मिळते. फेसबुकच्या सेटिंगमध्येही 'ॲप आणि वेबसाइट' असा भाग असतो. यादी वाचा. जे ओळखता येत नाही किंवा वापरात नाही, त्याची परवानगी काढून टाका.

२. फोनवरून ॲप काढले म्हणजे परवानगी गेली, असे समजू नका. बिल्ला त्यांच्याकडेच राहतो. पासवर्ड बदलला की सगळे जुने बिल्ले रद्द झाले, असेही धरून चालू नका. यादीत जाऊन तो काढावाच लागतो.

३. जिथे पैसा आहे तिथे दार वेगळे ठेवा. बँक, डीमॅट, फंड, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्यासाठी स्वतंत्र पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी हवी. शक्य असेल तर गुंतवणुकीसाठी एक वेगळा ई-मेल पत्ता ठेवा आणि त्याने खेळ, चाचण्या, खरेदी असे कुठेही लॉगिन करू नका.

४. मुख्य ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. जो खिळा सगळ्या किल्ल्या धरतो, तो भिंतीत पक्का हवा.

५. परवानगीचे पान मोठ्याने वाचा. 'पाहणे', 'वाचणे', 'पाठवणे', 'काढून टाकणे' ही क्रियापदे शोधा. काम आणि क्रियापद जुळत नसेल तर 'नाही' म्हणा. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे पान कोणीतरी शेजारी बसून वाचावे.

६. कंपनीच्या ई-मेलने स्वतःच्या गुंतवणुकीची खाती उघडू नका. नोकरी सुटली किंवा निवृत्ती आली की तो पत्ता बंद होतो आणि त्याच्यावर टांगलेली दारेही बंद होतात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते गूगल काढून टाकू शकते, हेही लक्षात ठेवा. अशा पत्त्यावर एखादी ठेव किंवा फोलिओ जोडलेला असेल तर पत्ता वेळीच बदलून घ्या.

७. पैसे गेलेच तर वाट पाहू नका. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लगेच फिरवा आणि बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष तिसऱ्याच कुठेतरी आहे, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते. दोन्ही बाबतींत लवकर कळवण्यातच फायदा आहे.

मंडळी, आपल्या पिढ्यांनी बचत शिकली ती कागद जपून. पासबुक ट्रंकेत, पावती देवघराच्या खणात, चेकवर रेघा मारल्याशिवाय तो पाकिटात घालायचा नाही. ही शिस्त जुनी झालेली नाही. कागदाच्या जागी आता परवानगी आली आहे. ती कोणाला दिली, कशासाठी दिली आणि कधी परत घेतली, याची एक छोटी वही घरात ठेवा. ठेवींच्या तारखा जिथे लिहिता, त्याच वहीत शेवटचे एक पान यासाठी ठेवले तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.